बीपीच्या मुळाशी जायचंय? मग गणित सोडू नका

'नीट'चा निकाल लागला की अनेक घरांत सुतक पडल्यासारखं होतं. एमबीबीएस हुकलं म्हणजे वैद्यकशास्त्राचं दारच बंद झालं, अशी पालकांची समजूत असते. उपचार करायचे असतील तर ती खरी आहे. आजार मुळात का होतो, हे शोधायचं असेल तर नाही.

उच्च रक्तदाबाचंच घ्या. आजोबांना बीपी, वडिलांना बीपी, म्हणजे आपल्यालाही होणार असं आपण धरून चालतो. अमेरिकेत येल विद्यापीठात रिचर्ड लिफ्टन यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाती घेतला. कोवळ्या वयातच ज्यांचं बीपी भलतंच चढतं, अशी मोजकी घराणी त्यांनी अभ्यासली. १९९४ मध्ये त्यांच्या गटाने 'लिडल सिंड्रोम'मागचा जनुकीय बिघाड शोधून काढला. या रुग्णांच्या मूत्रपिंडात सोडियम परत शोषून घेणाऱ्या वाहिन्या गरजेपेक्षा जास्त काम करतात आणि मीठ शरीरात साचत जातं. नेमक्या त्या वाहिन्या रोखणारं अमिलोराइड हे औषध अशा रुग्णांना लागू पडतं. पुढे असे आणखी काही दुर्मीळ आजार उलगडले आणि बहुतेक वेळा बोट मूत्रपिंडातल्या मिठाच्या हिशेबाकडेच वळलं. डॉक्टर पापड-लोणचं कमी करायला सांगतात, त्यामागे असाही पुरावा आहे.

तुमच्या-आमच्या बीपीची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून रक्तदाबाशी निगडित जनुकीय जागांची संख्या नऊशेच्या घरात गेली. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर! असल्या ढिगातून खरं काय आणि योगायोग काय, हे निवडायला संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग लागतं. म्हणूनच अकरावीला 'डॉक्टरच व्हायचंय' म्हणून गणित सोडून देणाऱ्यांना मी आवर्जून अडवतो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेची प्रवेश परीक्षाही जीवशास्त्राबरोबर गणित विचारते.

अशा संशोधनाच्या वाटा दोन. एमबीबीएस, एमडी करून संशोधनाकडे वळायचं, किंवा बीएस्सी-एमएस्सी नाहीतर आयसरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, मग नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. पहिल्या वाटेने रुग्ण जवळून कळतो, दुसरीने प्रयोगशाळा लवकर हाती येते. कामही इथेच वाढतंय: 'जीनोम इंडिया' प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून झाले आहेत.

आता पैशाचं. पीएचडी करताना मिळणारी सीएसआयआरची ज्युनिअर फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. पीएचडीला पाच-सहा वर्षं, त्यानंतर बहुधा पोस्टडॉक. पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी सहज ओलांडते. मुलाची किंवा मुलीची चिकाटी तपासाच, पण स्वतःचीही तपासा. 'अजून शिकतेच आहे का?' या नातेवाइकांच्या प्रश्नाला दर दिवाळीत तुम्हालाच तोंड द्यायचं आहे.