खोकला जात नाही? तपासण्यांचा क्रम, खर्च आणि कागदपत्रं

लांबलेल्या खोकल्यामागे बहुतेक वेळा दमा, ॲलर्जी, पित्त किंवा क्षय असतो, कर्करोग क्वचितच. पण क्रम चुकला की पैसाही जातो आणि वेळही.

दोन आठवडे झाले? आधार कार्ड घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करा. क्षयासाठी ती मोफत आहे. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर व उपलब्ध तपासण्याही मोफत आहेत; महापालिका आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल घेत असाल तर आधीच सांगा. या गोळ्यांनीही कोरडा खोकला येऊ शकतो. त्या स्वतःहून बंद करू नका.

छातीचा एक्स-रे: खासगीत साधारण काहीशे रुपये. तो स्वच्छ आला तरी खोकला आठ आठवड्यांपुढे गेला, थुंकीत रक्त आलं, वजन घटलं किंवा आवाज बसला तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. रक्त दिसलं तर आठवडे मोजत बसू नका. खासगीत सीटीला काही हजार लागतात.

एक्स-रे किंवा सीटीत डाग दिसला? थुंकीत क्षय सापडला नसताना नुसत्या डागावर क्षयाची औषधं सुरू होत असतील, तर बायोप्सी का नको, हे विचारा. इथेच महिने वाया जातात.

छुपे खर्च: सीटीत रंगद्रव्याचं इंजेक्शन आणि फिल्मचे पैसे धरलेत का? बायोप्सीच्या दरात पॅथॉलॉजीचा अहवाल आहे का? आधी लेखी दर घ्या. अहवालासोबत बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. दुसऱ्या रुग्णालयात ते लागतात. ‘कॅन्सर पॅकेज’मधल्या रक्तचाचण्यांनी निदान होत नाही. पेट स्कॅन हजारोंचा, तो पहिली तपासणी म्हणून नको.

कर्करोगाचं निदान झालं तर: रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण आधीच्या ओपीडी तपासण्या बहुधा खिशातूनच होतात. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला न्या.

नंबर लवकर लावून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. आणि खोकल्याची तिसरी बाटली घेण्याआधी एक्स-रे काढा.