वर्म आणि बचाव

कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की काय होते? हाताला झिणझिण्या येतात. करंगळीपर्यंत मुंग्या धावतात. मार एवढासाच, मग कळ एवढी का? कोपरामागून एक मज्जातंतू अगदी हाडाला लागून जातो. त्याच्यावर मांसाचे पांघरूण नाही. म्हणून त्याला थोडा धक्काही सोसवत नाही.

अंगावर अशा नाजूक जागा पुष्कळ आहेत. त्यांना मर्म म्हणतात. आपण बोलताना वर्म म्हणतो. ‘घाव वर्मी लागला’ हे बोलणे त्यावरूनच आले. सुश्रुतसंहिता या जुन्या वैद्यकग्रंथात १०७ मर्मे सांगितली आहेत. हातापायांत ४४, पोट व छातीत १२, पाठीत १४ आणि मान व डोके मिळून ३७. शस्त्र चालवताना वैद्याने या जागा सांभाळाव्यात, असे त्यात बजावले आहे.

केरळात कळरीपयट्टू नावाची युद्धविद्या आहे. तिथे गुरूला गुरुक्कळ म्हणतात. शिष्य आधी अंग कमावतो. मग लाकडी काठी शिकतो, मग तलवार-भाला, मग रिकाम्या हातांची झुंज. मर्मांचे ज्ञान सगळ्यांत शेवटी, आणि तेही पारखलेल्या शिष्यालाच. तेल लावणे, मुरगळा काढणे, हाड बसवणे हेही गुरुक्कळ करतात. मारण्याची जागा कळली, तर बरे करण्याची रीतही कळली पाहिजे. वडकरा गावच्या मीनाक्षी अम्मा ही विद्या शिकवतात. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती!

मग आपणही १०७ वर्मे पाठ करायची का? आम्ही म्हणतो, नको. सिनेमात बोट लावले की माणूस कोसळतो. खऱ्या झटापटीत तसे होत नाही. समोरचा हलत असतो, आपले हात कापत असतात. बारीक जागा सापडत नाही. म्हणून सोप्या गोष्टी ध्यानात ठेवू.

१. कोणी मनगट धरले, तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात झटकून काढा. चार बोटांपुढे अंगठा दुबळा असतो.
२. मागून मिठी मारली, तर टाच त्याच्या पावलावर जोराने आपटा. नडगीवर लाथ मारा. तिथे कातडीखाली लगेच हाड असते.
३. समोरून अंगावर आला, तर तळहाताच्या बुडाने नाकावर मारा. डोळ्यांत पाणी येऊन त्याला दिसेनासे होते.
४. पकड सुटली की थांबू नका. ओरडा, माणसांकडे पळा, ११२ नंबरला फोन करा.

एक जागा मात्र फार धोक्याची. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी जातात. त्या दाबल्या की काही क्षणांत शुद्ध जाते. दाब तसाच राहिला तर माणूस दगावतो. पोरे खेळात एकमेकांचा गळा आवळतात. त्यांना आजच आवरा.

स्वतःला वाचवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. भारतीय न्याय संहितेत, कलम ३४ ते ४४ मध्ये तो सांगितला आहे. पण बचावापुरतेच मारावे. पळून जाणाऱ्याला गाठून मारणे हा बचाव नव्हे.

आज घरी लेकीसुनांना मनगट सोडवून दाखवा. हळू करा, पाच-सहा वेळा करा.

प्रश्न
१. मर्मांचे ज्ञान शेवटी का देतात?
२. मनगट कोणत्या बाजूने सोडवावे? का?
३. पकड सुटल्यावर काय करावे?