आखाला पेलेल तेवढाच कापूस

लेकी, युसूफ वडगावच्या ओट्यावर बसून एअरबस ए-३२० चं जाडजूड पुस्तक घोकतेस, आणि आजी सगळ्यांना सांगते, पोरगी पोथी वाचतीय. वाच. मर्यादांचे आकडे मात्र झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत.

१. वजनाची मर्यादा आपण उडवतोय त्याच विमानाच्या कागदात बघ — एकाच जातीच्या दोन विमानांचे आकडे सारखे असतीलच असं नाही. आखाला पेलेल तेवढाच कापूस गाडीत भरावा.

२. उन्हाळ्यात हिशेब दोनदा कर — तापलेली हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो, धावपट्टी आखूड पडते. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादहून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ जवळपास भरल्या वजनानं, उन्हाच्या कडाक्यात निघालं. नाक उचलायला उशीर झाला आणि पट्टीच्या टोकाशी बीड रोडवरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला ते धडकलं, पुढं विजेच्या तारांना. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांच्या चुकीवर बोट ठेवलं गेलं, तसंच रस्त्यावरची वाहतूक न रोखण्यावरही. आपलाच रस्ता, आपलाच कापूस. हे मी कधी विसरलो नाही, तूही विसरू नकोस.

३. ‘रोटेट’ ऐकलं की लगेच, पण हळुवार उचल — घाईनं शेपूट घासतं, उशिरानं पट्टी संपते.

४. फ्लॅप मागण्याआधी वेग वाच: पहिल्या खाचेला २३० नॉट, पूर्ण उघडे असताना १७७ — जास्त वेगात वाऱ्याचा मार फ्लॅपना सोसत नाही. मी एकदा न बघताच ‘फ्लॅप वन’ म्हणालो. शेजारच्या कॅप्टननी दांड्यावर हात ठेवला, पण ओढला नाही. दुसऱ्या हाताच्या बोटानं नुसती वेगाची पट्टी दाखवली. २३४.

५. ब्रेक ३०० अंशांच्या वर असतील तर निघू नकोस — चाकं पोटात घेतल्यावर गळकं हायड्रॉलिक तेल त्यांच्यावर पडलं तर पेट घेईल. उतरल्यावरही काही मिनिटं हा आकडा चढतच राहतो. चुलीवरून उतरवला म्हणून तवा लगेच गार होत नाही.

६. फार उंच जायची हौस आवर — तिथं कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेगातली फट अरुंद होते, आणि वरची हद्द माख ०.८२ च.

७. आकडे मोठ्यानं म्हण, पुस्तक आजीच्या हातात दे — तिला अंक वाचता येतात, चुकलीस की थांबवेल. आज १७७ पासून सुरू कर.