आधी गळ्यात, मग ट्रम्पेटात



लग्नसराईत रावेरच्या रस्त्यावरून वरात निघाली की ट्रम्पेटचा आवाज सर्वांच्या आधी आपल्या कानी येतो. नाताळात आपल्या गायनवृंदाबरोबरही हे वाद्य वाजते. परंतु ते वाजवणाऱ्याच्या ओठांचे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

मागच्या नाताळात आमच्या हातून एक चूक घडली. आपल्यातला एक तरुण लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो आणि सणाला चर्चमध्येही वाजवतो. मध्यरात्रीच्या मिस्सात एका उंच स्वरावर त्याचा आवाज फाटला. आम्ही त्याला म्हणालो, "अरे, अजून जोरात फुंक!" त्याने तसे केले आणि स्वर पुन्हा फाटला. मिस्सानंतर पाहिले तर त्याचे ओठ सुजले होते. पाश्चात्य शास्त्रीय संगीत शिकून पुढे जावे, अशी त्याची इच्छा आहे. आमचा सल्ला मात्र त्याला नेमका उलट्या वाटेने नेणारा होता. म्हणून हा अभ्यास.

ट्रम्पेट ही पेटी नव्हे

पेटीवर पट्टी दाबली की तिचा ठरलेला स्वर निघतो, वाजवणाऱ्याच्या मनात तो असो वा नसो. ट्रम्पेटचे तसे नाही. त्याची नळी उलगडली तर सुमारे दीड मीटर भरते आणि कळा फक्त तीन. एकही कळ न दाबता त्यातून मध्य सप्तकातला सा, प, वरचा सा, ग, प असे अनेक स्वर निघतात. कोणता निघेल हे बोट ठरवत नाही. ओठांचे कंपन, श्वासाचा वेग आणि मनात ऐकू येणारा स्वर हे ठरवतात. जसजसे वर जावे तसतसे हे स्वर जवळजवळ येतात, म्हणून उंचावर नेम चुकणे फार सोपे असते.

गाणाऱ्याच्या गळ्यात जे काम स्वरतंतू करतात, तेच काम ट्रम्पेटवादकाचे ओठ करतात. वाद्य तो आवाज वाढवते, त्याला रंग देते. म्हणजे ट्रम्पेट वाजवणारा एका अर्थाने गातच असतो. ज्याला तो स्वर गाऊन दाखवता येत नाही, तो अंदाजाने फुंकतो. अंदाज चुकला की तो माउथपीस ओठांवर दाबतो. दाबलेल्या ओठांत रक्त नीट फिरत नाही, ते बधिर होतात, सुजतात. वर्षानुवर्षे असे चालले तर पोटापाण्याचे साधनच निकामी होण्याचा धोका असतो.

गोव्याच्या चर्चमधील धडा

ही गोष्ट आपल्या शेजारच्या गोव्याने फार पूर्वी ओळखली होती. पोर्तुगीज काळात तेथील चर्चना जोडून शाळा असत आणि त्यांत संगीत शिकवले जाई. मुलाच्या हाती लगेच वाद्य दिले जात नसे. आधी स्वरलिपी पाहून, हाताने ताल धरून, डो-रे-मी असे तोंडाने गायचे. ते पक्के झाले की मग व्हायोलिन किंवा इतर वाद्य. या परंपरेतून निघालेल्या गोव्याच्या वादकांनी पुढे मुंबईचे बँड, हॉटेलांतील वाद्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे संगीत उभे केले. आल्दोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबईत गाजलेले ट्रम्पेटवादक. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात त्यांनी काम केले.

हिंदुस्थानी संगीतात यालाच 'गायकी अंग' म्हणतात. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांची शहनाई ऐकताना कोणीतरी गात आहे असे वाटते. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे तर गायकही होते आणि व्हायोलिनवादकही.

गायकाकडून काय घ्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे श्वास. चांगला गायक श्वास घेताना खांदे उचलत नाही. पोट आणि कमर फुलते. तोंड 'ओ' म्हणताना होते तसे उघडे ठेवून, आवाज न करता श्वास घ्यावा आणि न अडवता लगेच बाहेर सोडावा. मध्ये कोंडून धरला की गळा आवळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उच्चार. स्वराची सुरुवात जिभेने 'ता' किंवा 'तू' म्हटल्यासारखी करतात. खालच्या स्वरांना 'आ' आणि वरच्यांना 'ई' मनात धरावा, असे अनेक शिक्षक सांगतात. 'ई' म्हणताना जीभ आपोआप वर येते.

तिसरी गोष्ट म्हणजे शब्द. स्तोत्र वाजवताना त्याचे शब्द मनात चालू ठेवावेत. आपण गाताना एखादे नाव अर्धे तोडून मध्येच श्वास घेत नाही, मग वाजवताना तरी का घ्यावा? जेथे वाक्य थांबते, तेथेच श्वास.

मात्र सर्वच उसने घेता येत नाही. वाजवताना गळ्यातून आवाज काढायचा नसतो. गळा मोकळा हवा. शिवाय ओठ हा स्नायू आहे, तो दमतो. जितका वेळ वाजवले तितकाच वेळ विसावा द्यावा.

युरोपातील शिक्षकांचीही हीच रीत. पॅरिसचे झां-बातिस्त आर्बां यांच्या १८६४ मधील कॉर्नेटच्या पद्धतीत केवळ बोटांचे व्यायाम नाहीत, तर वाजवण्यासाठी १५० गीते व सुरावटीही आहेत. इटलीच्या बोर्दोन्यी आणि कोन्कोने यांनी गायकांसाठी लिहिलेले स्वराभ्यास आज पितळी वाद्यांचे विद्यार्थी जगभर वाजवतात.

शिकागोची साक्ष

अमेरिकेतील शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात अर्नोल्ड जेकब्स (१९१५–१९९८) हे १९४४ ते १९८८ पर्यंत ट्युबा वाजवीत. त्यांची शिकवण दोन शब्दांची होती : गाणे आणि वारा. मनात गाणे स्पष्ट असावे, वारा सतत वाहावा. ओठांची चिंता करीत बसू नये. त्याच वाद्यवृंदात अडोल्फ हर्सेथ १९४८ पासून २००१ पर्यंत मुख्य ट्रम्पेटवादक होते. १९५२ साली मोटार अपघातात त्यांचे दात पडले, ओठ फाटला. ट्रम्पेटवादकाला याहून मोठा घाव कोणता? तरीही काही महिन्यांत ते आपल्या खुर्चीवर परतले आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे तेथेच वाजवीत राहिले. ओठांचे जुने बळ गेले, तरी मनातला स्वर हरवला नव्हता.

आपल्या मुलांसाठी वाटा

पालकांनी स्पष्ट जाणून घ्यावे की ही वाट अरुंद आहे. मोठ्या वाद्यवृंदातही ट्रम्पेटवादक साधारण दोन ते चारच असतात. मुंबईच्या एनसीपीए येथे २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, त्यातही बरेच वादक परदेशातून येतात. परंतु इतरही दारे आहेत. राज्याच्या पोलीस भरतीत बॅण्ड्समनची पदे निघतात. सैन्यात भरती झालेल्या वादकांसाठी पचमढी येथे लष्कराचे संगीत प्रशिक्षण आहे. रावेरहून इटारसीमार्गे पिपरिया स्टेशन गाठले की पचमढी जवळच. गोव्यात कला अकादमीत पाश्चात्य संगीत शिकवले जाते. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा भारतातही होतात. त्यांच्या वाद्याच्या प्रत्यक्ष परीक्षेत परीक्षकाने वाजवलेली सुरावट विद्यार्थ्याला गाऊन दाखवावी लागते, वाद्य कोणतेही असो!

या आठवड्यात करून पाहा

१. रविवारच्या स्तोत्राची एकच ओळ घ्या आणि शब्दांसह गा.

२. पेटीवर पहिला स्वर घेऊन तीच ओळ सा-रे-ग किंवा डो-रे-मी म्हणून गा. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटवर लिहिलेला 'डो' पेटीवर काळी पाच येतो, हे ध्यानात ठेवा.

३. नुसता वारा सोडत कळांवर बोटे फिरवा.

४. फक्त माउथपीसवर ओळ वाजवा.

५. शेवटी पूर्ण वाद्यावर वाजवा. स्वर फाटला तर जोर वाढवू नका. पुन्हा पहिल्या पायरीवर या.

बायबलमध्ये इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात शलमोनाच्या मंदिराचे वर्णन आहे. तेथे एकशेवीस याजक कर्णे वाजवीत होते आणि गायक गात होते. दोघांचा मिळून एकच स्वर ऐकू आला, असे तेथे सांगितले आहे.

आपल्या त्या तरुणाची आम्ही क्षमा मागितली आहे. आता शनिवारच्या सरावात तो पहिली पंधरा मिनिटे ट्रम्पेट पेटीतच ठेवतो आणि गायनवृंदाबरोबर उभा राहून गातो. ज्यांच्या घरी कोणतेही वाद्य शिकणारी मुले आहेत, त्यांनी त्यांनाही पाठवावे. गळा चांगला नाही म्हणून कोणी संकोच करू नये. तेथे आम्हीही गातो.