उत्तरेचा बर्फ आणि जहाजांची वाट

नगर-नाशिककडची द्राक्षे न्हावाशेवा बंदरात जातात. तेथे ती थंड पेटीत बसून जहाजावर चढतात. त्यांतली पुष्कळशी हॉलंड देशातल्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. जहाज अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात शिरते आणि सुएझच्या कालव्यातून पलीकडे जाते. हा कालवा 1869 साली खुला झाला. ही वाट सुमारे 12 हजार किलोमीटरची आहे.

2023 च्या अखेरीस येमेन देशाजवळ जहाजांवर हल्ले होऊ लागले. मग 2024 च्या हंगामात बहुतेक जहाजे आफ्रिका खंडाला वळसा घालून गेली. वाट 20 हजार किलोमीटरांच्या घरात गेली. दहा-पंधरा दिवस जास्त लागले. भाडेही चढले. द्राक्ष म्हणजे नाशवंत माल, त्याला थांबणे सोसत नाही. वाट वाकडी झाली की पैसा कोणाच्या खिशातून जातो, हे बागाईतदाराला आम्ही काय सांगावे!

अशा वेळी पारावर कोणी तरी म्हणतो, "अहो, उत्तरेकडचा बर्फ वितळून नवी वाट मोकळी होतेय म्हणे. मग तिकडून का नाही माल धाडत?"

प्रश्न चांगला आहे. आपण ती वाट पाहू.

पृथ्वीच्या गोलाचे अगदी वरचे टोक म्हणजे उत्तर ध्रुव. तेथे जमीन नाही, समुद्र आहे. थंडी इतकी की समुद्राचे पाणीच गोठते. कोठे पुरुषभर जाड, कोठे त्याहून जास्त, असा बर्फाचा थर पाण्यावर तरंगतो. हिवाळ्यात तो पसरतो, उन्हाळ्यात आक्रसतो. सप्टेंबर महिन्यात तो सर्वांत कमी असतो.

1979 पासून आकाशातले उपग्रह हा बर्फ मोजत आहेत. त्या सुमारास सप्टेंबरात सुमारे 70 लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. 2012 साली तो 34 लाखांवर आला. म्हणजे अकरा महाराष्ट्र मावतील एवढा बर्फ नाहीसा झाला. त्यानंतर तो 2012 च्या खाली गेलेला नाही, पण पहिल्याइतका जमलेलाही नाही.

असे का झाले? कोळसा आणि तेल जाळून जो धूर होतो, त्यातल्या वायूमुळे सारी पृथ्वी तापते आहे. ध्रुवाकडे हे तापणे जास्तच. धाब्याला चुना दिला तर घर गार राहते. डांबरी सडक मात्र पायाला चटके देते. बर्फ हा समुद्रावरचा चुना समजा. तो ऊन परत फेकतो. बर्फ गेला की खाली काळे पाणी उघडे पडते. ते ऊन पिते, तापते, आणि शेजारचा बर्फही वितळवते.

हा तरंगता बर्फ वितळल्याने मुंबई बुडेल काय? त्याने नाही. पेल्यात बर्फाचा खडा टाका आणि काठोकाठ पाणी भरा. खडा विरघळेल, पण पाणी सांडणार नाही. करून पाहा. ग्रीनलंडच्या जमिनीवर जो बर्फ आहे, तो वितळून समुद्रात येतो तेव्हा मात्र पाणी चढते.

आता वाट. रशियाच्या उत्तर किनाऱ्याने जहाज नेण्याची खटपट जुनी आहे. नॉर्डेनशील्ड नावाचे गृहस्थ 1878 साली व्हेगा नावाचे जहाज घेऊन निघाले. ते वाटेत सुमारे दहा महिने बर्फात अडकले आणि 1879 साली पार झाले. आज उन्हाळ्याचे काही महिने तेथून मालाची जहाजे जातात. पुष्कळदा पुढे बर्फ फोडणारे जहाज लागते. जपानहून हॉलंडला सुएझमार्गे सुमारे 21 हजार किलोमीटर पडतात, उत्तरेने सुमारे 14 हजार.

पण आपले काय? शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर दोरा घेऊन मोजा. न्हावाशेव्याचे जहाज आधी सिंगापूर, मग जपानवरून वर चढणार, मग पश्चिमेला वळणार. ही वाट आफ्रिकेच्या वळशाहूनही लांब भरते. शिवाय द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. तेव्हा तिकडे बर्फ घट्ट असतो. सोय होते ती चीन-जपानची आणि रशियाची. आपल्या द्राक्षाला सुएझच जवळ.

तरी उत्तरेच्या बर्फाशी आपला संबंध नाही असे समजू नका. गोव्यात वास्को येथे ध्रुवांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. उत्तरेकडे नॉर्वेच्या एका बेटावर 2008 पासून भारताचे 'हिमाद्री' नावाचे ठाणे आहे. या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात उत्तरेचा बर्फ फार घटतो, त्याचा सप्टेंबरात मध्य भारतावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीशी संबंध असावा, असे त्यांना दिसले. ते अजून पक्के ठरलेले नाही, तपास चालू आहे. सप्टेंबर म्हणजे आपला भादवा. बाजरीची कणसे भरलेली असतात आणि कांद्याची रोपे वाफ्यात असतात.