आधीं दार, मग चौकशी
(घरांत छळ सोसणाऱ्या स्त्रियांच्या आश्रयाविषयीं पाठ)

वाचकहो, मार खाल्लेली एखादी स्त्री लेंकरांचा हात धरून रात्रीं आपल्या दारांत आली, तर आपण तिला प्रथम काय विचारतों? "तुझें काय चुकलें? न सांगतां आलीस काय?" हें ऐकतांच ती समजते कीं, येथेंही आधीं आपला न्याय होणार आणि मग आश्रय मिळणार. पुष्कळ जणी येथूनच परत फिरतात. हा क्रम उलट कां असावा, हें आज आपण पाहूं.

१. एका घराचा दाखला. — इ. स. १९७१ सालीं लंडन शहराच्या चिझिक भागांत एरिन पिझी ह्या बाईंनीं स्त्रियांस एकत्र बसण्याकरितां एक लहानसें घर उघडलें. लवकरच नवऱ्याचा मार सोसलेल्या स्त्रिया मुलांसह तेथें आश्रयास येऊं लागल्या. घर दाटीनें भरलें, तरी दार लावून घेतलें नाहीं. पुढें अशीं आश्रयगृहें देशोदेशीं निघालीं.

२. आपल्या देशाचा कायदा. — हेंच तत्त्व भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यांत उतरलें आहे. हा कायदा ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आहे. त्याप्रमाणें केवळ मारहाणच नव्हे, तर धमकी, अपमान, लैंगिक जबरदस्ती, खर्चास पैसे न देणें व स्त्रीधन हिरावणें हीही हिंसाच होय. तक्रार नोंदविलेली नाहीं, एवढ्या कारणानें आश्रयगृहानें स्त्रीस परत लावूं नये. आणि तिची इच्छा असल्यास ती तेथें आहे हें छळणाऱ्यास कळवूं नये, असें नियमांत सांगितलें आहे. घर सोडल्यानेंच तिचा त्या घरांत राहण्याचा हक्क बुडत नाहीं.

३. आश्रयाचा उपयोग. — भयांत असलेल्या मनुष्यास नीट विचार करितां येत नाहीं. आश्रयगृहांत तिला अन्न, निर्भय झोंप, औषधोपचार व कायद्याचा सल्ला मिळतो. मग परत जावें, न्यायाधीशाकडे अर्ज करावा, कीं स्वतःच्या पायांवर उभें राहावें, हें तिनेंच ठरवावयाचें असतें.

४. आपलें कर्तव्य. — कोणी म्हणतील, "घरचें भांडण वडीलधाऱ्यांनीं मिटवावें." साधें भांडण तसें मिटतेंही. परंतु जेथें भय आहे, तेथें मारणाऱ्यासमोर बसवून घेतलेला होकार खरा नव्हे. घर सोडण्याचा समय तर फार धोक्याचा असतो. म्हणून तिचा ठिकाणा आप्तांसही सांगूं नये. १८१ हा स्त्रियांच्या मदतीचा दूरध्वनि आहे. जिवावर बेतल्यास ११२ वर कळवावें. जिल्ह्यांतील संरक्षण अधिकाऱ्यासही खबर देतां येते. सद्भावनेनें खबर देणाऱ्यावर दिवाणी अथवा फौजदारी जबाबदारी येत नाहीं, असें कायदा स्पष्ट सांगतो. मग शेजाऱ्यानें कां भ्यावें?

विचारार्थ प्रश्न. — (१) आपल्या गांवांत अशी स्त्री प्रथम कोणाच्या दारीं जाईल? (२) तेथें तिला कोणता पहिला शब्द ऐकूं येईल? (३) वरील दोन क्रमांक आपल्या घरांतील सर्व स्त्रियांस ठाऊक आहेत काय?

तो पहिला शब्द "आंत ये" हाच असावा, अशी आम्ही वाचकांस कळकळीची विनंती करितों.