प्रवाह तुम्हाला कोठे नेत आहे?

तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे गाव वसले आहे. पाच नद्यांवरून त्याला हे नाव पडले. येथील शेतकऱ्याला एक गोष्ट लहानपणीच उमगते: आज नदी भरून वाहते म्हणून उद्याही ती तशीच वाहील असे नाही. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी रूढीप्रमाणे १२ जूनला सोडतात. परंतु धरणात पुरेसा साठा नसेल त्या वर्षी ही तारीख टळते आणि भाताचे पहिले पीक अडचणीत येते.

तरुण वाचकहो, आपणही ‘सध्याचा प्रवाह’ असे म्हणतो. अमुक शाखेला मागणी आहे, अमुक शहरात नोकऱ्या आहेत, सर्वजण तिकडेच चालले आहेत! अशा प्रवाहावर सबंध आयुष्य सोपवावे काय? याचा विचार करण्यास याच परिसराचा इतिहास आपल्याला साहाय्य करील.

राज्य गेले, विद्या राहिली

तंजावरला सतराव्या शतकापासून भोसले घराण्याचे राज्य होते. त्या घराण्यात दत्तक आलेल्या सरफोजीला (१७७७-१८३२) ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचा आधार लाभला. सत्ता काकांच्या हाती होती. मुलाला गादी मिळेलच अशी खात्री नव्हती. तरीही श्वार्ट्झने त्याच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आला, आणि दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला.

विचार करा: वयाच्या बाविसाव्या वर्षी या तरुणाच्या हातून सत्ता निसटली. परंतु शिकण्याची गोडी कोणत्याही तहाने काढून घेता येत नव्हती. त्याने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, शाळा काढल्या, देवनागरी छापखाना चालवला, नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या. १८५५ मध्ये उरलेसुरले राज्यही संपले. ग्रंथालय मात्र आजही उभे आहे.

त्याच काळी तिरुवैयारुत त्यागराज (१७६७-१८४७) राहत होते. दरबारचे आमंत्रण त्यांनी नाकारले, असे परंपरा सांगते. त्यांनी आपल्या घरी शिष्यांना गाणे शिकवले. त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी तो दरबारच राहिला नाही. गीते मात्र शिष्यांच्या मुखी व वह्यांत टिकली.

मग नोकरी-चाकरी व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव हे दक्षिणेतील मराठी घराण्यातले. त्यांनी मद्रासला नव्या पद्धतीचे इंग्रजी शिक्षण घेतले व पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाणपद सांभाळले. त्यांनी काळाचा प्रवाह ओळखला खरा. तथापि त्यांचे कौशल्य एकाच धन्याच्या दारी बांधलेले नव्हते.

आजचे प्रवाह

आजही तंजावरच्या खेड्यांतून, तसेच विदर्भ-मराठवाड्यातून, तरुण मुले चेन्नई, बंगळूर, पुणे या शहरांची वाट धरतात. कित्येक घरांत मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढले जाते, प्रसंगी जमीनही गहाण पडते. परंतु ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या दारी एकेकाळी रांगा लागत, त्यांपैकी काहींना गेल्या दशकात कुलपे लागली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे संगणकावरची पुष्कळ प्राथमिक कामे यंत्रच करू लागले आहे. नवशिक्या तरुणाने ज्या पायरीवर पाय ठेवायचा, तीच पायरी डळमळू लागली आहे. अशा वेळी चूक झाली तर तिची किंमत एकटा मुलगा नव्हे, तर सारे कुटुंब मोजते.

तुम्ही काय करू शकता?

निर्णय घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. *हे काम एकाच मालकावर किंवा एकाच यंत्रावर अवलंबून आहे काय? ते उद्या बंद पडले, तर माझ्यापाशी काय उरेल?* स्पष्ट लिहिता-बोलता येणे, हिशेब कळणे, एखादी हातची कला, आणि होय, आपली भाषा, या गोष्टी कोठेही उपयोगी पडतात. *मी हे कोणाकडून शिकत आहे आणि पुढे कोणाला शिकवीन?* जी विद्या दुसऱ्याला देता येते, ती सहसा नाहीशी होत नाही.

आणि प्रवाहापुढे मनुष्य अगदीच असहाय असतो असेही समजू नका. १९२० च्या दशकात त्यागराजांच्या स्मरणार्थ तिरुवैयारुत होणाऱ्या उत्सवात स्त्रियांना गाऊ देत नसत. गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांनी तेथे स्वखर्चाने समाधिमंदिर बांधले व स्त्रियांचा वेगळा उत्सव सुरू केला. १९४० च्या सुमारास निरनिराळे गट एकत्र आले. आज स्त्री-पुरुष तेथे एकत्र बसून गातात.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा येशूचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. यास्तव, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी एक संध्याकाळ आईवडिलांसोबत बसा. फी, कर्ज आणि हप्ते कागदावर मांडा. वरील तीन प्रश्नही त्यांच्याशेजारी लिहा. सर्वजण कोठे चालले आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हाला कोठे जायचे आहे, ते त्या कागदावर लिहिता येते का, हे पाहा.